तालमीतील उमेदवारी : कुपवाडच्या होतकरू मुलांसाठी एक योजना

शेतकीच्या मासिकात खेळाच्या शिक्षणाविषयी लेख कशासाठी, असा प्रश्न आमच्या पुष्कळ वाचकांस पडेल. बियाणे, खते, पाणी आणि बाजारभाव हे नित्याचे विषय सोडून आम्ही आखाड्यात का उतरलो, असे विचारणाऱ्यांस आमचे उत्तर इतकेच की, जमिनीप्रमाणे माणसांचीही मशागत करावी लागते. आणि आपल्या भागात ती मशागत पूर्वी गावच करीत असे. गावची तालीम शेतकऱ्याच्या धान्यावर, दुधावर आणि मातीवर चालत असे. ती चालविण्याची जबाबदारी जमीनधारकांनी आपली मानली होती. ती जबाबदारी आज कोणत्या रूपाने पार पाडता येईल, याचा विचार वाचकांपुढे मांडण्याचे आम्ही योजिले आहे.

कुपवाडची आजची स्थिती

कुपवाड हे मिरज तालुक्यातील जुने शेतकरी गाव. १९९८ साली सांगली, मिरज व कुपवाड या तिन्ही गावांची मिळून महानगरपालिका झाली. त्याच्या कितीतरी आधीपासून येथे औद्योगिक वसाहत उभी राहिली होती. शिवारातील काही जमीन कारखान्यांकडे गेली, काही घरांसाठी विकली गेली, आणि उरलेल्या जमिनीत आमचे बंधू अद्याप ऊस, द्राक्षे, हळद व भाजीपाला पिकवीत आहेत. कारखान्यांमुळे बाहेरगावचे, कित्येकदा परप्रांतांचेही, मजूर येथे वस्तीस आले. त्यांची मुले, भूमिहीन शेतमजुरांची मुले, आणि ज्यांच्या वाट्याला जमिनीचा लहानसा तुकडाच आला अशा शेतकऱ्यांची मुले, ही सर्व एकाच गल्लीत वाढत आहेत. शाळा सुटल्यावर यांतील पुष्कळांना करण्यासारखे काही नसते, आणि दहावीनंतर काय करावे हे सांगणारेही घरात कोणी नसते.

यांतील एखादा मुलगा कारखान्यात फिटर किंवा टर्नरचे काम शिकावयास गेला, तर त्याच्यासाठी १९६१ चा शिकाऊ उमेदवारांचा कायदा आहे. त्याच्याशी करार होतो, शिकण्याची मुदत ठरते, आणि शिकत असता त्यास विद्यावेतन मिळते. २०१९ साली नियमांत सुधारणा झाली, तेव्हापासून तीस किंवा अधिक माणसे कामावर असलेल्या आस्थापनांवर असे उमेदवार घेण्याचे बंधन आहे. यंत्रावर लोखंड कातावयास शिकणाऱ्याचा असा सांभाळ होतो, हे योग्यच आहे. परंतु त्याच वयाचा दुसरा मुलगा रोज पहाटे तालमीत किंवा मैदानावर लहान मुलांकडून जोर-बैठका काढून घेतो, त्यांस डाव शिकवितो, कोणाचा खांदा दुखावला तर चोळून देतो, आणि त्यांची भांडणे मिटवितो. त्याच्या या कामास ना करार, ना मुदत, ना वेतन, ना प्रशस्तिपत्र. तो काम करतो असे कोणी म्हणतसुद्धा नाही. घरचे लोक त्यास रिकामटेकडा समजतात, आणि एक दिवस तो तालीम सोडून मिळेल त्या मजुरीस जातो. त्याच्या मागोमाग ती मुलेही पांगतात. आमच्या मते या प्रश्नाचे मर्म येथे आहे. तालमीची माती आजही मिळते. शिकविणारा तरुण मात्र गावात टिकत नाही.

जुनी तालीम कशी चालत असे

जुन्या तालमीची व्यवस्था पाहिली तर ती पुरती उमेदवारीच होती, असे दिसून येईल. हौद्यातील लाल माती चाळून तीत ताक, तेल, हळद, लिंबू आणि कापूर घालावयाचा. ती रोज उकरून भुसभुशीत ठेवावयाची. हे काम नव्या पोरांकडे असे. माती उकरता उकरता त्यांचे दंड भरत आणि मातीचा अदबही अंगी मुरत असे. त्यांच्यावर थोरले पठ्ठे. हे स्वतः मेहनत करीत आणि लहानांस पकडी, पट, ढाक, घिस्सा असे डाव दाखवीत. या सर्वांवर वस्तादाची नजर. वस्ताद प्रत्येकाशी स्वतः झोंबत नसे. कोणाची जोड कोणाशी लावावी, कोणास आज विश्रांती द्यावी, कोणास जत्रेच्या मैदानात उतरवावे व कोणास आणखी वर्षभर थांबवावे, हे तो ठरवी. अशा रीतीने शिकता शिकता शिकविणे आणि शिकविता शिकविता वस्ताद होणे, असा तो क्रम होता. आजच्या भाषेत त्यालाच प्रशिक्षकाची उमेदवारी म्हणता येईल.

या व्यवस्थेचा खर्च गाव सोशीत असे. कोणी म्हशीचे दूध देई, कोणी जोंधळ्याची पोती, कोणी बदाम-खारकेसाठी रोकड. चैत्रातील यात्रेत लहान मुलांच्या रेवड्यांवरील कुस्तीपासून शेवटच्या मोठ्या इनामापर्यंत जी मैदाने होत, त्यांची वर्गणी सुगीच्या धान्यातून निघे. कोल्हापुरास राजर्षी शाहू महाराजांनी मल्लांस उदार आश्रय दिला, आणि १९१२ साली पुऱ्या झालेल्या खासबाग मैदानाने कुस्तीला घर दिले. त्या आश्रयाचा प्रभाव वारणा-कृष्णेच्या काठांवरील आमच्या गावांपर्यंत पोहोचला होता.

तथापि जुन्याचे गुणगान करताना त्यातील उणिवा झाकणे आम्हास योग्य वाटत नाही. ज्याच्या घरी दुभते होते त्याचाच मुलगा तालमीत टिके. मजुराच्या मुलास खुराक कोठून मिळणार? गावकुसाबाहेरच्या मुलांस हौद्यात मोकळेपणाने प्रवेश मिळे, असेही सर्वत्र नव्हते. मुलींचा तर विचारच नव्हता. आणि सर्वांत मोठी उणीव ही की, जो पठ्ठा इनामाची कुस्ती मारू शकला नाही, किंवा ज्याचा गुडघा वेळेआधीच निकामी झाला, त्याच्यापुढे काय, याची काहीच तरतूद नव्हती. शंभरांतून एक मल्ल नावारूपास येई; उरलेले नव्व्याण्णव कान मोडून घेऊन घरी परतत. नवी योजना करावयाची ती या नव्व्याण्णवांस डोळ्यांपुढे ठेवून केली पाहिजे.

आपल्या मुलखातील दाखले

सातारा-सांगलीच्या मातीने काय माणसे दिली, हे वाचकांस ठाऊकच आहे. कऱ्हाडजवळील गोळेश्वरचे खाशाबा जाधव १९४८ साली लंडनच्या ऑलिंपिकमध्ये सहावे आले, आणि १९५२ साली हेलसिंकी येथे कांस्यपदक मिळवून स्वतंत्र भारताचे पहिले वैयक्तिक पदकविजेते ठरले. हेलसिंकीच्या प्रवासासाठी पैसा नव्हता. गावकऱ्यांनी वर्गणी काढली, आणि कोल्हापूरच्या राजाराम महाविद्यालयाचे प्राचार्य खर्डेकर यांनी आपले घर सात हजार रुपयांस गहाण ठेवले. परतल्यावर गाड्या-बैलांची मिरवणूक निघाली. खाशाबांनी कुस्त्यांची मैदाने भरवून ते घर सोडविण्यास हातभार लावला. गौरवाची ही कथा ऐकताना तिच्यातील दुसरा धडा विसरता कामा नये. एका प्राचार्याचे घर गहाण पडल्याखेरीज जेथे खेळाडू परदेशी जाऊ शकत नाही, तेथे व्यवस्था नाही, केवळ सज्जनांचा चांगुलपणा आहे. चांगुलपणावर एक खाशाबा निघतो. दहा निघावयाचे तर व्यवस्थाच लागते.

मिरज तालुक्यातीलच कवठेपिरानचे मारुती माने यांनी १९६२ च्या जकार्ता येथील आशियाई स्पर्धांत सुवर्ण व रौप्य अशी दोन पदके मिळविली आणि १९६४ साली ते हिंद केसरी झाले. शिराळा तालुक्यातील पुनवतचे गणपतराव आंदळकर १९६० चे हिंद केसरी. त्याच जकार्त्याहून त्यांनीही सुवर्ण व रौप्य आणले. आंदळकरांचे मोठेपण आमच्या दृष्टीने पदकांहूनही याच्यात आहे की, मैदान सोडल्यावर ते कोल्हापूरच्या न्यू मोतीबाग तालमीत वस्ताद म्हणून उभे राहिले, आणि २०१८ साली निधन होईपर्यंत शिष्यांच्या पिढ्या त्यांस गुरुस्थानी मानीत राहिल्या.

अलीकडील दाखलेही कमी नाहीत. सांगलीत पानाची टपरी व चहाचा गाडा चालविणाऱ्या वडिलांचा मुलगा संकेत सरगर याने २०२२ साली बर्मिंगहॅमच्या राष्ट्रकुल स्पर्धांत भारोत्तोलनात ५५ किलो गटाचे रौप्यपदक मिळविले. त्याने एकूण २४८ किलो वजन उचलले. कोपरास दुखापत झाली नसती तर कदाचित सुवर्णच येते, कारण पहिल्या क्रमांकाचे वजन अवघे एक किलो अधिक होते. फलटण तालुक्यातील सरडे येथील मजूर कुटुंबातील प्रवीण जाधव याचे गुण जिल्हा परिषदेच्या शाळेतील शिक्षकाने हेरले, शासनाच्या क्रीडा प्रबोधिनीत तो धनुर्विद्या शिकला, आणि टोकियो ऑलिंपिकपर्यंत गेला. साताऱ्याची अदिती स्वामी उसाच्या शेतात उभारलेल्या साध्या प्रबोधिनीत धनुष्य धरावयास शिकली, आणि २०२३ साली बर्लिन येथे वयाच्या सतराव्या वर्षी जगज्जेती झाली. त्याच वर्षी मार्च महिन्यात सांगलीत महिलांची पहिली महाराष्ट्र केसरी स्पर्धा झाली, आणि सांगलीच्याच प्रतीक्षा बागडीने ती जिंकली. आटपाडी तालुक्यातील करगणीचा सचिन खिलारी याने २०२४ साली पॅरिसच्या पॅरालिंपिकमध्ये गोळाफेकीचे रौप्यपदक पटकाविले.

या नावांच्या मागे पाहिले तर कोणी शाळामास्तर, कोणी व्यायामशाळेतील शिक्षक, कोणी वस्ताद उभा असतो. मुलाकडे योग्य वयात कोणाची तरी नजर गेली, म्हणून तो पुढे आला. ज्या गल्लीत अशी नजर असणारा माणूसच नाही, तेथील किती मुले वाया गेली, याचा हिशेब कोणीच ठेवलेला नाही.

नागपूर, मुंबई व विलायत येथील प्रयोग

गरिबांच्या मुलांस खेळाडूच नव्हे तर खेळाचे शिक्षक करावे, हा प्रयोग आपल्याच महाराष्ट्रात झालेला आहे. नागपूरच्या हिस्लॉप महाविद्यालयातील क्रीडाशिक्षक विजय बारसे यांनी भर पावसात झोपडपट्टीतील पोरांस फुटकी बादली लाथाडीत खेळताना पाहिले, आणि २००१ च्या सुमारास त्यांच्यासाठी फुटबॉलचे काम सुरू केले. पुढे त्यातून ‘स्लम सॉकर’ ही संस्था वाढली. तेथे शिकलेली कित्येक मुले बेघरांच्या जागतिक फुटबॉल स्पर्धेत खेळून आली. आणि अधिक महत्त्वाचे म्हणजे, वाईट वाटेला लागलेली काही मुले त्याच मैदानावर लहानांची प्रशिक्षक झाली. २०१६ साली जागतिक फुटबॉल महासंघाने या संस्थेस विविधतेविषयीचा पुरस्कार दिला. २०२२ साली निघालेल्या ‘झुंड’ या चित्रपटाने ही हकीकत घरोघर पोहोचविली.

मुंबईस कुलाब्याच्या आंबेडकर नगरात अशोक राठोड या त्याच वस्तीतील तरुणाने २००६ साली अठरा मुले घेऊन फुटबॉल सुरू केला. बंदरावरील मासळीच्या कामामुळे मुले शाळा सोडीत. म्हणून त्याने एकच नियम केला की, जो शाळेत जाणार नाही त्यास खेळावयास मिळणार नाही. मोठी झालेली मुले तेथे लहानांस शिकवितात. तालमीतील थोरल्या पठ्ठ्याची ही जुनीच रीत चेंडूच्या खेळात उतरली आहे.

विलायतेत २०१२ च्या लंडन ऑलिंपिकच्या वर्षी राजघराण्याच्या धर्मादाय संस्थेने ‘कोच कोअर’ नावाची योजना सुरू केली. सोळा ते चोवीस वर्षांच्या, शिक्षणात मागे पडलेल्या किंवा बेकार तरुणांस वर्ष-सव्वा वर्ष पगारी उमेदवार म्हणून घ्यावयाचे. शाळा, क्लब व स्थानिक संस्था यांच्या मैदानांवर त्यांनी काम करावयाचे, सोबत वर्ग भरावयाचे, आणि अखेरीस प्रमाणपत्र घेऊन बाहेर पडावयाचे. या योजनेतील ध्यानात घेण्याजोगी गोष्ट अशी की, एका गावातील अनेक लहान संस्था मिळून उमेदवारांची एक तुकडी सांभाळतात. एकट्यास न झेपणारा खर्च दहांत वाटला जातो. सहकाराने चरक आणि दूधसंघ चालविणाऱ्या शेतकऱ्यांस हे तत्त्व नव्याने समजावून सांगण्याची गरज नाही.

आमची सूचना

यास्तव कुपवाड व आसपासच्या गावांतील जमीनधारकांनी पुढीलप्रमाणे आरंभ करावा, असे आम्ही सुचवितो.

१. पहिल्या वर्षी दोनच उमेदवार घ्यावेत : एक मुलगा व एक मुलगी. वय अठरा ते तेवीस. घर भूमिहीन, मजूर किंवा अल्पभूधारकाचे. निवड करताना त्याने किती कुस्त्या मारल्या हे न पाहता लहान मुले त्याचे ऐकतात की नाही, हे पाहावे.

२. उमेदवारीची मुदत एक वर्ष असावी आणि लेखी करार असावा. रोज सकाळ-संध्याकाळ दोन-दोन तास मैदानावर. मधला वेळ शिक्षणासाठी वा घरच्या कामासाठी मोकळा.

३. विद्यावेतन दरमहा ठरल्या तारखेस द्यावे. समजा, शंभर सभासदांनी महिना दीडशे रुपये दिले, तर पंधरा हजार होतात. दोघांना साडेसात-साडेसात हजार पडतात. ज्यास दरमहा देणे अवघड वाटेल त्याने वर्षाचे अठराशे रुपये ऊसबिलातून कापून द्यावेत. शिवाय दूध, शेंगदाणे, गूळ व ज्वारी हा खुराक घरचाच आहे. तो पैशांत मोजण्याचे कारण नाही.

४. प्रत्येक उमेदवार एका जाणत्या वस्तादाच्या किंवा क्रीडाशिक्षकाच्या हाताखाली असावा. मुलींच्या मैदानावर प्रौढ स्त्री हजर असल्याखेरीज सराव होऊ नये. मुलींच्या आईबापांचा विश्वास ही या योजनेची खरी ठेव आहे.

५. दुखापतीवरील प्रथमोपचार, वाढत्या वयातील आहार, आणि मुलांवर हात न उचलता शिस्त कशी लावावी, या तीन विषयांचे शिक्षण सक्तीचे असावे. वजन उतरविण्यासाठी मुलांस उपाशी ठेवणे, आणि बळ वाढविण्याच्या नावाखाली सुया किंवा अनोळखी भुकट्या देणे, यांस पूर्ण बंदी असावी. असल्या औषधांनी शरीराची माती होते, आणि पकडले गेल्यास खेळही बंद होतो.

६. वर्षअखेर योग्य उमेदवारास पुढील शिक्षणास पाठवावे. १९६१ साली स्थापन झालेली पतियाळा येथील राष्ट्रीय क्रीडा संस्था प्रशिक्षकांचे शिक्षण देते; शारीरिक शिक्षणाची पदवी हा दुसरा मार्ग आहे. प्रमाणपत्र हाती असेल तर शाळा, कारखाने व व्यायामशाळा यांत काम मागता येते.

गाळपाच्या दिवसांचा आम्ही मुद्दाम उल्लेख करतो. दरसाल बीडकडून आणि इतर दुष्काळी भागांतून तोडणीवाली कुटुंबे आपल्या फडांत येतात. आईबाप पहाटेपासून उसात आणि मुले कोप्यांपाशी उनाड, हे दृश्य आपण वर्षानुवर्षे पाहत आलो आहोत. आमच्या उमेदवाराने आठवड्यातून तीन संध्याकाळी तेथे जाऊन खो-खो व कबड्डीचे डाव मांडले, तर त्यास खर्च काहीच नाही. मैदान आखावयास मूठभर राख पुरते. ज्यांच्या कष्टावर आपला ऊस वेळेवर जातो, त्यांच्या मुलांचे इतके तरी ऋण आपण मानले पाहिजे.

आक्षेपांचा विचार

काही सभासद म्हणतील, शेतावर मजूर मिळत नाही आणि तुम्ही तरुणांस मैदानावर गुंतविता. यावर आमचे म्हणणे असे की, मैदान सुटले म्हणून तो तरुण शेतावर आला, असे कोठे दिसले आहे? तो शहराकडे जातो, किंवा चौकात बसतो. मैदानावर टिकलेला तरुण गावात टिकतो, आणि त्याचे दुपारचे तास मोकळेच आहेत.

दुसरे म्हणतील, खेळाने पोट भरत नाही. हे खरेच आहे, आणि म्हणूनच आम्ही केवळ खेळाडू घडविण्याची योजना मांडलेली नाही. खेळणाऱ्याची उमेद पंचविशी-तिशीत संपते. शिकविणाऱ्याची विद्या साठीपर्यंत उपयोगी पडते. वर्षभर चाळीस मुले सांभाळलेला तरुण वेळ पाळावयास, हिशेब ठेवावयास आणि माणसे जोडावयास शिकतो. तो पुढे प्रशिक्षक झाला नाही, तरी कारखान्यात मुकादम किंवा सोसायटीत चिटणीस म्हणून उणा पडणार नाही.

तिसरा आक्षेप अधिक गंभीर आहे. गावातील मंडळे राजकारणाच्या आहारी जातात. वर्गणी एकाची आणि फलक दुसऱ्याचा, असे होते. हा धोका आम्ही नाकारीत नाही. त्यावर उपाय एवढाच की, पैसा सोसायटीच्या खात्यातून जावा, दर तिमाहीचा जमाखर्च फळ्यावर लावावा, आणि मैदानावर कोणाही पुढाऱ्याचे नाव नसावे. दुधाच्या हिशेबात जो चोखपणा आपण पाळतो, तोच येथे पुरे आहे.

समारोप

आम्ही सुचविलेली रक्कम मोठी नाही. एका यात्रेतील शेवटच्या कुस्तीच्या इनामास जेवढा पैसा एका सायंकाळी खर्च होतो, तेवढ्यात कोठे कोठे दोन उमेदवारांचे वर्ष निभेल. इनाम देऊ नये, असे आमचे म्हणणे नाही. परंतु इनाम पिकलेल्या फळास मिळते, आणि रोपाला पाणी घालणारा हात रिकामाच राहतो. दोन्हींस वाटा असावा.

येत्या दसऱ्यास तालमीत शस्त्रपूजन होईल, तेव्हा ज्या सभासदांस ही कल्पना पटली असेल त्यांनी आपली नावे सोसायटीच्या चिटणीसांकडे नोंदवावीत. शंभर नावे झाली की पाडव्यापासून काम सुरू करता येईल. शंभर न होता पन्नासच झाली, तर एकाच उमेदवारावर आरंभ करावा. आणि तसे झाल्यास ती पहिली जागा मुलीस द्यावी, अशी आमची शिफारस आहे, कारण मुलांस कसे तरी मैदान सापडते, मुलींस ते कोणीतरी उघडून द्यावे लागते. वर्षअखेर काय साधले व काय फसले, याचा प्रामाणिक अहवाल याच पानांवर देण्याची जबाबदारी आम्ही घेत आहोत.